बजेटचं तसं काही नाही

मराठी माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालेल, रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये परत घेतल्याशिवाय खाली उतरणार नाही, पण घराचं काम काढायचं ठरलं आणि इंटिरियरवाला मुलगा सोफ्यावर वही उघडून बसला, की त्याच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं : “बजेटचं तसं काही नाही हो. तुम्ही डिझाइन तर दाखवा.”

हे म्हणताना मान किंचित मागे जाते, एक हात सोफ्याच्या पाठीवर पसरतो, आणि आयुष्यभर प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा तारखेवार फाइलला लावणारा गृहस्थ क्षणभर बडोद्याच्या गादीवर बसतो.

आता, बजेटचं काही नसतं असं कसं होईल? बजेट असतंच. नवऱ्याच्या मनात एक आकडा असतो. ऑगस्टमध्ये मुदत संपणाऱ्या ठेवीएवढा. तो त्याने बायकोला सांगितलेला नसतो, कारण सांगितला की वाढतो. बायकोच्या मनात दुसरा असतो; त्यात तिची भिशी आणि आईकडून आलेल्या पाटल्या धरलेल्या असतात. तो तिने नवऱ्याला सांगितलेला नसतो, कारण सांगितला की तो स्वतःचा कमी करतो. बंगळुरूचा मुलगा फोनवर “बाबा, मी घालतो ना भर,” म्हणतो आणि किती ते म्हणत नाही. आजी “मला मेलीला काय विचारता,” म्हणून गप्प बसते; पण तिच्याकडे पोस्टाची एक पावती असते आणि ती कुणाला द्यायची हे तिचं ठरलेलं असतं. असे चार आकडे चौघांच्या पोटात. मग ठेकेदार येतो. तो टीव्हीचा आकार, फ्रिजची दारं आणि दाराबाहेरच्या चपला बघून पाचवा आकडा काढतो. बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो. बाकीचे चौघं आपल्याकडे किती आहे ते मोजत असतात; हा माणूस कितीपर्यंत सोसतील ते मोजतो.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला, नव्वदच्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही, जमिनीला मोझॅक, ओट्याला कडप्पा, खिडक्यांना ग्रिल आणि ग्रिलमध्ये तुळस. वीस-पंचवीस वर्षं सगळे यात सुखाने नांदले. मग वरच्या मजल्यावरच्या काकांचा पुतण्या बालेवाडीला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेला आणि त्याने सगळ्या भावकीला वास्तुशांतीला बोलावलं. तिथून परत येताना काका गाडीत एक शब्द बोलले नाहीत म्हणे. घरी आल्यावर दिवा लावला, खाली बघितलं आणि म्हणाले, “ही फरशी अशीच होती का गं?”

उरलेलं काम मोबाइल करतो. एकदा स्वयंपाकघराचं एखादं रील पाहिलं, की पुढचे तीन महिने दुसरं काही दिसत नाही. त्या रीलमधल्या स्वयंपाकघरात कुणी स्वयंपाक करत नाही. फोडणी उडत नाही, पिठाचा डबा नसतो, मिक्सरची वायर लोंबत नाही. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर एक लिंबू असतं आणि ते लिंबूसुद्धा कुणी पिळत नाही. मधोमध आयलंड. आमच्या इमारतीतलं स्वयंपाकघर आठ बाय सात. तिथे आयलंड टाकलं तर काकूंना गॅसपर्यंत होडीनेच जावं लागेल. पण स्क्रीनशॉट काढायला टेप लागत नाही. काकूंच्या फोनमध्ये असे पुष्कळ स्क्रीनशॉट साठले, काकांच्या फोनमध्ये बाथटबचे साठले. या दोन फोनची गाठ पडली ती थेट इंटिरियरवाल्या मुलासमोर. त्याने दोन्ही पाहिले आणि अत्यंत आदराने विचारलं, “सर, साधारण किती धरायचे?”

काका म्हणाले, “बजेटचं तसं काही नाही.”

काकांनी टाइल्स घ्यायला मला बरोबर नेलं. ‘तिऱ्हाईत माणूस असलेला बरा’ म्हणून. ज्याने कधी घराचं काम काढलेलं नाही त्याने एकदा टाइल्सच्या शोरूममध्ये तिऱ्हाईत म्हणून जाऊन यावंच. बाहेर सरबत फुकट, आत प्रकाश असा की आपला हातसुद्धा आपल्याला इम्पोर्टेड वाटतो. विक्रेता मुलगा टाय लावून उभा. तो ‘रुपये’ हा शब्द कधीही उच्चारत नाही. ‘अडुसष्टवाली’, ‘पंच्याऐंशीवाली’, ‘एकशेदहावाली’ असं म्हणतो. जणू गाड्यांचे नंबर सांगतोय.

काका घरून अडुसष्टवालीच ठरवून आले होते. पाचशे पन्नास चौरस फूट जमीन, गुणिले अडुसष्ट, सदतीस हजार चारशे. हे त्यांनी लाइट बिलाच्या मागे लिहून खिशात ठेवलं होतं. मुलाने अडुसष्टवाली काढली, जमिनीवर ठेवली. चांगली होती. मग काही न बोलता त्याने शेजारी एकशेदहावाली ठेवली, तिच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, फडक्याने पुसले आणि एक पाऊल मागे सरकला. बस्स. आता अडुसष्टवालीकडे बघवेना. इतका वेळ जी फरशी होती ती एकदम धर्मशाळेतली वाटायला लागली.

“फरक किती?” काका.

“फक्त बेचाळीस, सर.”

बेचाळीस रुपयांत आज पुण्यात मिसळसुद्धा येत नाही. काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. तिऱ्हाईत माणसाने अशा वेळी छताकडे बघायचं असतं. मी बघितलं. छतातही दिवे होते.

मग कॅल्क्युलेटर निघाला. पाचशे पन्नास फूट जमीन. कापाकापीत वाया जातात म्हणून दहा टक्के जास्त, पंचावन्न. भिंतीच्या कडेने चार इंचांची स्कर्टिंग. तिला कुणी मोजत नाही, पण दोन खोल्या आणि हॉल मिळून ती दोनशे फूट भरते. म्हणजे आणखी सदुसष्ट चौरस फूट. एकूण सहाशे बहात्तर. दोन बाय चारच्या टाइल्स पेटीत दोन येतात, पेटी साडेपंधरा फुटांची, आणि पेटी फोडून एक टाइल कुणी देत नाही. म्हणजे चव्वेचाळीस पेट्या, सहाशे ब्याऐंशी फूट. गुणिले एकशे दहा, पंच्याहत्तर हजार वीस. “प्लस जीएसटी, सर.” अठरा टक्क्यांनी साडेतेरा हजार. अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे तेवीस रुपये साठ पैसे. वरचे साठ पैसे मुलाने सोडले.

लाइट बिलाच्या मागचा सदतीस हजार चारशेचा हिशोब काकांच्या खिशातच राहिला. आणि अजून एकही टाइल जमिनीला चिकटलेली नव्हती. मोरबीहून आलेली ती चव्वेचाळीस खोकी टेम्पोतून उतरवायची, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवायची, खालची मोझॅक फोडायची, तिचा राडारोडा गोण्यांत भरून त्याच जिन्याने उतरवायचा, तो रोजच्या कचरागाडीत चालत नाही म्हणून वेगळा टेम्पो बोलवायचा, वाळू, सिमेंट, मिस्त्री, बिगारी. शोरूममधल्या मुलाने यातलं काही लपवलं नव्हतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

काकांचा ठेकेदार लातूरकडचा, मनमिळाऊ माणूस. त्याने अख्ख्या घराचं एस्टिमेट कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे लिहून दिलं. पत्रिकेच्या पुढच्या बाजूला गणपती, मागच्या बाजूला ‘फ्लोरिंग, बाथरूम २, किचन, सीलिंग, कलर’ असे पाच शब्द, खाली एक आकडा आणि त्यापुढे ‘लमसम’. मी ती पत्रिका हातात घेऊन पाहिली आहे. प्लाय कोणता, जाडी किती, बिजागऱ्या कुठल्या, नळ कुणी आणायचे, रंगाचे हात किती, जुनं सामान कोण उतरवणार, याबद्दल तिच्यात अक्षर नव्हतं. मी काही विचारणार तेवढ्यात तो हसून म्हणाला, “होऊन जाईल, साहेब. टेन्शन नका घेऊ.” आणि खरंच, कुणाला टेन्शन आलं नाही. एवढ्या कमी शब्दांत एवढं समाधान देणारं लेखन मराठीत दुर्मीळ आहे.

एस्टिमेटमध्ये जे नसतं तेच पुढे घर चालवायला घेतं. काकांनी पैसे वाचवायचं एक पाऊल मात्र उचललं : जुनी फरशी फोडायची नाही, तिच्यावरच नवी चिकटवायची. अॅडहेसिव्ह निघालंय आता, पक्कं बसतं. फोडणं वाचलं, राडारोडा वाचला, खालच्या मजल्याची कटकट वाचली. फक्त जमीन पंधरा मिलिमीटरने वर आली. पंधरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पण ती वर आल्यावर घरातलं एकही दार मिटेना. सुतार बोलावून सगळी दारं खालून तासली. तासताना एका दारातून भुसा आला आणि भुशामागून वाळवी आली. पेस्ट कंट्रोलवाला आला. दार बदललं. एक दार नवं झाल्यावर बाकीची जुनी दिसायला लागली म्हणून त्यांना पॉलिश, पॉलिशवर जुनी हँडलं बरी दिसेनात म्हणून नवी हँडलं. ती ‘शोरूममध्ये लुटतात’ म्हणून काका स्वतः रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, जोडीमागे साठ रुपये वाचवले आणि नो पार्किंगमधून उचललेली स्कूटर सोडवायला गेले. हे सगळं फोडणं वाचवल्यामुळे.

छताचीही तीच तऱ्हा. आपल्याकडच्या फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांवर. त्याला जिप्समची सीलिंग लावून कडेने लपवलेले दिवे सोडायचे तर सहा-आठ इंच खाली यावंच लागतं, आणि त्याखाली पंखा. आता काका सदरा घालताना आधी पंखा बंद करतात. रात्री दिवे लावले की हॉल खरोखर बालेवाडीसारखा दिसतो. मग वाचायला म्हणून ते जुनी ट्यूब लावतात.

या सगळ्या धामधुमीत पैसे कशावर जायला हवेत आणि कशावर जातात याचा एक नियम मला दिसला आहे. जे पाहुण्याला दिसतं त्यावर जातात. वास्तुशांतीला आलेला एकही माणूस आजवर भिंतीवर टिचकी मारून “व्वा, आत सीपीव्हीसीचे पाइप टाकलेत वाटतं!” असं म्हणालेला नाही. बाथरूमच्या खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट घातला की नाही, त्यावर दोन-तीन दिवस पाणी साठवून गळती पाहिली की नाही, हे विचारणारी आत्या अजून जन्माला यायची आहे. वायरिंगचंही तेच. आमच्या इमारतीतल्या तारा घातल्या तेव्हा घरात एक टीव्ही, एक फ्रिज आणि इस्त्री होती, आणि इस्त्री चालू असताना फ्रिज बंद ठेवणारी माणसं होती. आज त्याच तारांवर दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन. एसीला चार चौरस मिलिमीटरची तार लागते, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. पण तो बसवला की भिंतीतल्या खोक्यात जातो आणि खोक्याला झाकण असतं. त्या पैशात झुंबर येतं.

आणि आजीची मागणी. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची मागणी नेहमी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गरजेची असते, म्हणून ती यादीच्या तळाशी जाते. आजीला काय हवं असतं? संडासात धरायला एक दांडा आणि न घसरणारी फरशी. काकांच्या घरी इटालियन नमुन्याची चकचकीत टाइल बाथरूममध्येही लागली. तिच्यावर आजी पडू नयेत म्हणून आता वर रबराची चटई आहे, हिरवी, भोकाभोकांची.

बी विंगमध्ये अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. काकांचा खर्च दुपटीवर गेल्याची बातमी इमारतीत पसरली तेव्हा ते सांत्वनाला आले. सांत्वन करताना त्यांना दाखले सुचतात.

“तुम्ही एकटे नाही,” ते म्हणाले. “डॅनियल काहनेमन, नोबेलवाले. त्यांनी पुस्तकात एका पाहणीचा आधार घेतलाय, २००२ची. अमेरिकेत ज्यांनी स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं त्यांची सरासरी अपेक्षा होती १८,६५८ डॉलर. प्रत्यक्षात गेले ३८,७६९.”

काकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तजेला आला. “म्हणजे अमेरिकेतही?”

“सगळीकडे. माणूस अंदाज करतो तेव्हा सगळं सुरळीत पार पडेल असंच धरून करतो. शेजाऱ्याचं काय झालं ते त्याला माहीत असतं, पण आपलं तसं होणार नाही अशी त्याची खात्री असते. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्येच याला नाव देऊन ठेवलंय. सिडनीचं ऑपेरा हाऊस घ्या. अंदाज सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. शेवटी लागले दहा कोटी वीस लाख. १९६३ला संपायचं ते १९७३ला उघडलं. पैसे उभे करायला सरकारने लॉटऱ्या चालवल्या. मूळ आर्किटेक्ट ऊत्झोन तर १९६६मध्येच काम सोडून गेला तो पुन्हा आलाच नाही.”

“आमचाही सुतार गेलाय,” काका म्हणाले. “होळीला. राजस्थानात. फोन लागतो, पण उचलत नाही.” मग थोडा विचार करून, “सोसायटीत लॉटरी काढायला परवानगी लागते का हो?”

एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असताना पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी काम काढलं. मावशींची नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत, कर्ज विभागात झाली. लोकांना ‘नाही’ म्हणण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली आणि त्याचा त्यांना अजिबात पश्चात्ताप नाही. त्यांच्याकडेही काकांचाच लातूरकडचा ठेकेदार आला. मी चहाच्या निमित्ताने तिथे होतो. त्याने वही उघडायच्या आत मावशींनी स्वतःची उघडली. दोनशे पानी, शाळेची.

“आधी पैसे सांगते,” मावशी म्हणाल्या. “सहा लाख आहेत. त्यातले नव्वद हजार तुम्हाला दाखवते आहे, पण देणार नाही. ते हातचे. भिंत फोडल्यावर आत जे काय निघेल त्याचे. राहिले पाच लाख दहा हजार. यात काय काय होतं, बोला.”

ठेकेदाराने पाणी मागितलं. ते प्याला. “मॅडम, असं कुणी सांगत नाही.”

“का?”

“अहो, आकडा सांगितला की आम्ही सगळे लावून टाकतो ना!” प्रामाणिक माणूस, तोंडून निघून गेलं.

“लावा की. त्यासाठीच काढलेत. पण कशाला लावायचे ते मी लिहिते, आणि हीच यादी आणखी दोघांना दिलीये.”

यादी म्हणजे काय, कर्जाचा करारनामा होता. ओट्याखालचा प्लाय आयएस ७१०, पाण्यात टिकणारा, बाकी कपाटांना ३०३ चालेल, जाडी अठरा एमएम, लॅमिनेट एक एमएम, बिजागऱ्या किती ते मोजून, नळ मावशी स्वतः आणणार, राडारोडा ठेकेदाराचा, दर जीएसटी धरून की सोडून ते प्रत्येक ओळीपुढे. पैसे कामाच्या टप्प्यांनी, आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर. ‘संपत आल्यावर’ नव्हे. लग्नपत्रिकेच्या मागे यातलं काहीच मावलं नसतं. ठेकेदाराने दोन दिवस मागितले. दोन दिवसांनी त्याने छापील एस्टिमेट आणलं, मुलाकडून कॉम्प्युटरवर काढून घेतलेलं. ‘प्रथमच केलंय’ म्हणून जरा लाजत होता.

वहीत पुढे तीन रकाने होते. पहिला ‘करायचंच’, दुसरा ‘उरले तर’, तिसरा ‘पुढच्या जन्मी’. पहिल्यात गळकं बाथरूम, गंजलेले पाइप, वायरिंग आणि सासूबाईंचा दांडा. दुसऱ्यात रंग, ट्रॉल्या, पडदे. तिसऱ्या रकान्यात घरातल्या कुणीही काहीही लिहावं, मज्जाव नव्हता. तिथे आयलंड होतं, व्हॉइस कमांडचे दिवे होते, मुलीच्या अक्षरात ‘वॉक-इन वॉर्डरोब’ होता, आणि मावशींच्या यजमानांच्या बारीक, सरकारी अक्षरात ‘बाथटब’. मावशी म्हणाल्या, “नाही म्हटलं की माणूस रुसतो. पुढच्या जन्मी म्हटलं की वाट बघतो.”

एक प्रश्न त्यांनी सगळ्यांच्या आधी विचारला होता आणि तो सेक्रेटरींना : ही इमारत अजून किती वर्षं उभी आहे? विचारायलाच हवा असा प्रश्न, पण आमच्याकडे तो विचारणं अशुभ मानतात. सध्या पुण्यात दर दुसऱ्या जुन्या सोसायटीसमोर बिल्डरचा माणूस हातात फाइल घेऊन उभा असतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९च्या नियमावलीप्रमाणे ५१ टक्के सभासदांनी होकार दिला की पुनर्विकासाची गाडी चालू लागते. मग कुणाची सीलिंग नवी आहे ते ती बघत नाही. काकांच्या सीलिंगला शेवटचा हात बसला त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी सभेची नोटीस लावली आणि विषयपत्रिकेत सातवा विषय ‘पुनर्विकास : प्राथमिक चर्चा’ असा होता. काका ती नोटीस चष्मा काढून एकदा आणि घालून एकदा वाचत होते. मावशींनी आठ वर्षांचा हिशोब धरून कपाटं भिंतीत बसवण्याऐवजी उचलून नेता येतील अशी करून घेतली होती. पाइप मात्र भिंतीतलेच. “पाइप फुटला तर बिल्डरची वाट बघत बसू?” असं त्यांनी विचारलं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

भिंत फोडल्यावर आत काहीतरी निघालंच, निघतंच. बाथरूमचा पाइप काढला तर त्याचा जोड स्वयंपाकघरापर्यंत गंजून गेलेला. हातच्या नव्वद हजारांतले साठ-पासष्ट तिथे गेले. मावशींनी वहीत ओळ घातली आणि मिस्त्रीला चहा दिला. काकांकडे हेच निघालं तेव्हा तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

टाइल्सचा प्रश्न मावशींनी सोडवला नाही, सोडून दिला. मोझॅकवाला बोलावला, जुन्या फरशीला मशीनने घासून पॉलिश मारलं. घरभर पांढरा चिखल झाला, वास आला, आणि मग तीस वर्षांच्या मेणाखालून लाल, हिरवे, पिवळे दगडाचे कण असे वर आले की मावशींचे यजमान वाकून बघत राहिले. मुलीची एक आर्किटेक्ट मैत्रीण आली, तिने दारातच पाय थांबवला. “काकू, टेराझो? कसलं भारी! कुठून मागवलंत?” मावशींनी तिला चहा विचारला. मागवायला काय, तो बिल्डरने नव्वद साली टाकला तेव्हा स्वस्तातली फरशी म्हणूनच टाकला होता.

घर झाल्यावर ‘खर्च किती आला’ हा प्रश्न आपल्याकडे शिष्टाचार म्हणून विचारतात, आणि त्याचं उत्तरही शिष्टाचारानेच द्यायचं असतं. भावाला सांगायचा आकडा कमी असतो. तो उसने मागेल. साडूला सांगायचा जास्त असतो. त्याने परवाच केलंय. ऑफिसात ‘गेले, बरेच गेले’ एवढंच. खरा आकडा बँकेच्या पासबुकात असतो आणि पासबुक कपाटात, साड्यांखाली.

काका-काकू मावशींचं घर बघायला खाली आले तेव्हा मीही होतो. काकांनी मोझॅकवरून चप्पल न घालता दोन फेऱ्या मारल्या, दारं उघडमीट करून पाहिली, सगळी मिटत होती. शेवटी विचारलंच, “खरं सांगा मावशी, किती गेले?”

मावशींनी वही पुढे केली. आकडे, तारखा, पावत्या टाचणीने लावलेल्या. दुसऱ्या रकान्यातले पडदे आणि रंग झाले होते, ट्रॉल्यांपुढे ‘दिवाळीनंतर’ लिहिलं होतं. काकांनी बेरजेवर बोट ठेवलं, ते बराच वेळ तिथून हललं नाही. मग पान उलटलं, तिसरा रकाना लागला, आणि काकांना एकदम आपला माणूस भेटला.

“बाथटब तुम्हालाही हवा होता?” त्यांनी मावशींच्या यजमानांना विचारलं.

“हवा होता,” यजमान म्हणाले. “आता पुढच्या जन्मी.”

“काही गमावलं नाहीत. पहिल्याच दिवशी भरला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी संपलं, सेक्रेटरींचं पत्र आलं. शिवाय त्याच्यामुळे बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. तिरकं होऊन आत जावं लागतं.”

“मग पडूनच आहे?”

“छे, छे! असं कसं? गुरुवारी पाणी बंद असतं ना,” काका म्हणाले, “बुधवारी रात्री भरून ठेवतो. सकाळी तांब्या घेऊन शेजारी पाटावर बसायचं. दोन बादल्या आरामात निघतात.”